लुईस गामा मराठीत यायला हवेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्राझीलमधील कवी, पत्रकार आणि राजकीय कार्यकर्ते लुईस गामा यांची ओळख सीमाभागातील मराठी वाचकांना व्हावी, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे. बेळगावात चौतीस वर्षे मी एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. अर्जांच्या नकला काढणे, तारखा सांभाळणे, स्टँप आणणे आणि पक्षकारांना कागदाचा अर्थ समजावून सांगणे यातच माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला आणि गामा यांचे चरित्र हाती आले. त्यात ते पोलीस खात्यात नकलनवीस होते आणि कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नसताना त्यांनी न्यायालयात उभे राहून पाचशेहून अधिक माणसांना गुलामीतून सोडवले, हे वाचल्यावर मी ते पुस्तक त्या रात्री मिटू शकलो नाही. पत्र थोडे लांबेल. पण काटछाट करून सांगण्यासारखे हे आयुष्य नाही.

लुईस गामा यांचा जन्म २१ जून १८३० रोजी बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरात झाला. आई लुईझा माहिन ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली, पण स्वतंत्र असलेली स्त्री. रस्त्यावर जिन्नस विकून ती घर चालवत असे. गुलामांच्या उठावात हात असल्याच्या संशयावरून तिला अनेकदा पकडण्यात आले होते. वडील पोर्तुगीज वंशाच्या प्रतिष्ठित घराण्यातले. उत्तम घोडे, शिकार आणि पत्ते यांचा त्यांना भारी शौक, आणि वारशाने आलेला पैसा त्यांनी त्यातच उधळला. आई १८३७ साली राजधानी रिओकडे निघून गेली. पुढे १० नोव्हेंबर १८४० रोजी, मुलगा दहा वर्षांचा असताना, कफल्लक झालेल्या या बापाने त्याला ‘साराइव्हा’ नावाच्या जहाजावर नेऊन विकून टाकले. आई स्वतंत्र असल्यामुळे मुलगा जन्मतः स्वतंत्र होता. म्हणजे ती विक्री ब्राझीलच्या त्या काळच्या कायद्यानेसुद्धा बेकायदा होती. गामा यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी एका मित्राला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात हा सगळा प्रसंग सांगितला आहे, पण बापाचे नाव मात्र लिहिलेले नाही. ते त्यांनी जन्मभर कोणालाच सांगितले नाही. एवढे सोसूनही बापाची अब्रू राखणारे हे मन मला त्यांच्या पराक्रमाइतकेच मोठे वाटते.

जहाजाने त्यांना रिओला नेले, रिओहून सान्तोस बंदरात उतरवले आणि तिथून घाट चढत जुंदियाई व काम्पिनासपर्यंत पायी चालवत नेले. वाटेत ठिकठिकाणी गुलाम विकले जात होते. या पोराला मात्र गिऱ्हाईक मिळेना. कारण तो बाहियाचा. १८३५ साली साल्वादोरमध्ये मुस्लिम आफ्रिकनांनी मोठा उठाव केला होता आणि तेव्हापासून बाहियाचा गुलाम म्हणजे बंडखोर, असा समज मळेवाल्यांत पसरला होता. एका वृद्ध जमीनदाराला पोरगा पसंत पडला होता, पण कुठला म्हणून विचारले आणि उत्तर ऐकताच त्याने नको म्हटले. शेवटी न खपलेला माल म्हणून व्यापाऱ्याने त्याला साओ पाउलोच्या आपल्या घरीच ठेवून घेतले. धुणे, इस्त्री, शिवणकाम आणि चांभारकाम तो तिथेच शिकला.

त्याच घरात १८४७ साली एक विद्यार्थी भाड्याने राहायला आला. त्याने या सतरा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळख करून दिली. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, आपण जन्माने स्वतंत्र असल्याचे पुरावे मिळवून गामा त्या घरातून निघून गेले. (त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. हे दोन प्रसंग एका वर्षातले आहेत, हे लक्षात आल्यावर मी वहीत ते शेजारी शेजारी लिहून ठेवले.) त्यानंतर सहा वर्षे त्यांनी प्रांताच्या शिपाई दलात काढली. अवज्ञेच्या आरोपाखाली ३९ दिवसांची कोठडीही भोगली. फावल्या वेळात ते एका कारकुनाकडे नकला लिहीत आणि १८५६ पासून पोलीस सचिवालयात लेखनिक म्हणून लागले. साओ पाउलोच्या प्रसिद्ध विधी विद्यालयात या कृष्णवर्णीय माणसाला विद्यार्थी म्हणून जागा नव्हती, तेव्हा त्यांनी ग्रंथ मिळवून कायदा स्वतःच वाचला.

त्यांची कविता आधी आली आणि वकिली नंतर. १८५९ साली ‘जेतुलिनोची पहिली विनोदी कवने’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला (जेतुलिनो हे त्यांचे टोपणनाव) आणि दोनच वर्षांत त्याची दुसरी आवृत्ती निघाली. अक्षर ओळख झाल्यापासून अवघ्या बारा वर्षांत या माणसाने पुस्तक लिहिले, आणि तेही बुजलेल्या माणसाचे नव्हे. एका कवितेत ते काव्यदेवतेला आवाहन करतात, पण ती ग्रीसची गोरी देवता नाही, आफ्रिकेतील गिनीची काळीभोर देवता आहे. ते स्वतःला कुरळ्या केसांचा ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणकथांतला थोर गायक, म्हणवतात आणि ऑर्फियसची ती प्रसिद्ध वीणा क्षुद्र म्हणून बाजूला सारून मारिंबा या आफ्रिकन वाद्याच्या तालावर गातात. वीणा राहू द्या, आमची हलगी आणा, असे आपल्याकडे एखाद्या शाहिराने भर दरबारात म्हणावे, तसे हे आहे.

त्यांची सर्वांत गाजलेली कविता ‘मी कोण?’ या प्रश्नाची आहे. ब्राझीलमध्ये मिश्र वंशाच्या माणसाला हिणवण्यासाठी ‘बोकड’ असा शब्द वापरत. गामा तो शब्द नाकारत नाहीत. काळा म्हणा, बोकड म्हणा, काय बिघडते, असे म्हणून ते बोकडांची मोजदादच सुरू करतात. बोकड सर्व जातींचे असतात; काळे असतात, गोरे असतात, ठिपक्यांचे असतात; श्रीमंतांत असतात, विद्वानांत असतात, सरदारांत आणि धर्मगुरूंत असतात. एवढेच काय, देवांचा राजा ज्युपिटरसुद्धा बाळपणी शेळीच्या दुधावरच वाढला. तेव्हा आता हा कलकलाट पुरे, सगळा कळप एकच आहे, असा त्या कवितेचा शेवट आहे. माझी पुतणी गोव्यात मडगावला असते आणि पोर्तुगीज शिकते. गणपतीला ती घरी आली असताना तिने ही कविता मूळ भाषेतून मोठ्याने वाचून दाखवली. मला एक शब्द कळत नव्हता, पण आखूड ओळी, झपझप येणारी यमके आणि प्रत्येक यमकावर बसणारा टोला कानाला स्पष्ट कळत होता. भारुड म्हणणाऱ्याची लय मला त्यात ऐकू आली. देवाने आपल्याला कुणबी केले हे बरेच झाले असे तुकोबा म्हणतात, तेव्हा ज्या शब्दाने लोक खाली बघायला लावतात तोच शब्द मान वर करून उच्चारण्याचे बळ त्यांच्याकडे असते. तेच बळ गामांकडे आहे. त्यांनी दुसऱ्याला खाली ओढलेले नाही. आपल्या घराण्यात आफ्रिकन आजी नव्हतीच असे भासवणाऱ्या उमरावांना त्यांनी फक्त आरसा दाखवला आहे.

याच कवीने आईवरही एक कविता लिहिली आहे, आणि तिच्यात विनोदाचा लवलेश नाही. रिओला जाऊन त्यांनी १८४७, १८५६ आणि १८६१ अशा तीन वेळा आईचा शोध घेतला. तिच्या देशबांधवांकडून पुढे कळले ते एवढेच, की १८३८ साली तिला पकडले होते आणि त्यानंतर तिचा ठावठिकाणा लागला नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. ब्रिटनच्या दबावामुळे ब्राझीलने ७ नोव्हेंबर १८३१ रोजी एक कायदा केला होता. त्या दिवसानंतर आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये आणला जाणारा प्रत्येक माणूस स्वतंत्र मानला जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कायदा झाला आणि व्यापारही चालू राहिला. गुलामांचा व्यापार प्रत्यक्षात थांबला तो १८५० च्या दुसऱ्या कायद्यानंतर, आणि मधल्या दोन दशकांत लाखो माणसे जहाजांतून उतरवून कॉफीच्या आणि उसाच्या मळ्यांवर पाठवण्यात आली. कागदोपत्री ती सगळी माणसे स्वतंत्र होती! केवळ दाखवण्यापुरत्या केलेल्या गोष्टीला पोर्तुगीजमध्ये ‘इंग्रजांना दाखवण्यापुरते’ असे म्हणतात आणि तो वाक्प्रचार अनेक जण या कायद्याशीच जोडतात.

तो कायदा कोणी रद्द केलेला नव्हता, एवढे गामा यांनी ध्यानात घेतले. त्यांनी नवा कायदा मागितला नाही, दयेची याचना केली नाही. हा माणूस आफ्रिकेत जन्मलेला आहे हे मालकालाच मान्य आहे. त्याचे वय इतके इतके आहे. तेव्हा तो १८३१ नंतरच आणला गेला असला पाहिजे. म्हणून तो गुलाम नाहीच, असा त्यांचा साधा हिशेब होता. १८७१ च्या कायद्याने गुलामांची नोंदणी सक्तीची झाल्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली वयेच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरू लागली. १८३२ च्या एका हुकमात आणखी एक कलम होते. संशयित आफ्रिकनाला देशाची भाषा कितपत येते हे अधिकाऱ्याने तपासावे, म्हणजे तो नुकताच आणलेला आहे का ते कळेल, असे ते कलम. बाजारात ज्या माणसाला पोर्तुगीज येत नाही म्हणून हसत, त्याचे ते न येणेच न्यायालयात त्याच्या सुटकेचा आधार होऊ शकत होते. नकलनविसाच्या नजरेला असे कलम दिसते. इतरांनी ज्या कागदावर धूळ बसू दिली, तो कागद ज्याने स्वतःच्या हाताने शब्दन् शब्द उतरवला आहे, त्याला त्यात काय लिहिले आहे ते ठाऊक असते. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून हे मी खात्रीने सांगू शकतो.

हे काम सुखासुखी झाले नाही. १८६९ साली जासिंतो नावाच्या आफ्रिकनाच्या सुटकेसाठी त्यांनी अर्ज केला, न्यायाधीशाने तो दुसरीकडे टोलवला, गामांनी त्या टोलवाटोलवीवर कडक शब्दांत लिहिले आणि त्यांची सरकारी नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्रातून उघड जाहिरात दिली, की स्वातंत्र्याचा कोणताही दावा आपण एक पैसा न घेता चालवू. पदवी नसल्यामुळे त्यांना खालच्या न्यायालयांपुरती परवानगी होती, तेवढीच त्यांनी पुरेपूर वापरली. सान्तोसच्या एका धनाढ्य पोर्तुगीज व्यापाऱ्याने मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त करण्याची इच्छा लिहून ठेवली होती आणि वारस ती पाळत नव्हते. या दाव्यातून २१७ माणसांना मुक्ती मिळाली. अर्ज, निकाल आणि न्यायाधीशांची नावे ते वर्तमानपत्रांत छापून आणत. साओ पाउलोतील पहिले सचित्र विनोदी साप्ताहिक त्यांनी १८६४ साली चित्रकार आंजेलो आगोस्तिनी यांच्याबरोबर काढलेच होते. तेव्हा छापील शब्दाचे बळ त्यांना चांगले माहीत होते.

राजकारणात त्यांना पद मिळाले नाही. राजेशाही जाऊन प्रजासत्ताक यावे म्हणून साओ पाउलोत जो पक्ष उभा राहिला, त्याच्या आरंभीच्या माणसांत ते होते. पण त्या पक्षात कॉफीच्या मळ्यांचे मालक भरले होते. गुलामगिरीचा प्रश्न प्रत्येक प्रांताने आपल्या सोयीने, हळूहळू आणि मालकांना भरपाई देऊन सोडवावा, अशी भूमिका पक्षाने १८७३ साली घेतली. गामा यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. स्वतःच्या पक्षाशी उघड मतभेद पत्करून ते आपल्या अर्जांकडे परतले. त्याच १८७३ साली पुण्यात महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केले. फुलेही कवी होते आणि पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. ब्राझीलमध्ये मात्र गुलामगिरी अजून पंधरा वर्षे चालायची होती; १३ मे १८८८ रोजी ती संपली, आणि अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी संपवणारा देश ब्राझीलच ठरला. गामा यांनी तो दिवस पाहिला नाही. मधुमेहाने खंगून २४ ऑगस्ट १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत शहर लोटले होते आणि शवपेटी लोकांनी हातोहात दफनभूमीपर्यंत नेली. ब्राझीलच्या वकील संघटनेने त्यांना वकील म्हणून अधिकृत मान्यता दिली ती २०१५ साली, म्हणजे मृत्यूनंतर १३३ वर्षांनी.

बेळगावच्या वाचकाने हे का वाचावे, असे कोणी विचारील. आमच्या सीमाभागातील गाऱ्हाण्याची गुलामगिरीशी तुलना करण्याचे पाप मी करणार नाही. तसे करणे त्या लाखो माणसांच्या यातनांचा अपमान होईल. पण कागदावर असलेला आणि व्यवहारात नसलेला कायदा म्हणजे काय, हे १९५६ पासून आमच्याइतके कोणाला कळणार? मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत, असे अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी केंद्राने आखलेल्या योजनेत मान्य झालेले आहे. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल मी इथे बोलत नाही. मी बोलतो आहे ते रोजच्या कागदाबद्दल.

बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर भागातील एक म्हातारी आमच्या ऑफिसात आली. जमिनीबाबतची नोटीस तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सोन्याच्या पुडीसारखी चारपदरी घडी घालून जपून ठेवली होती. नोटीस संपूर्ण कानडीत, आणि तिच्या घरात कानडी वाचणारे कोणी नाही. “ह्यात काय लिवलंय, जरा बगा की ओ,” असे म्हणून तिने डबा माझ्यापुढे ठेवला. मी तारीख पाहिली. दाद मागण्याची मुदत केव्हाच संपली होती. कागद तिने हरवला नव्हता, फाडला नव्हता. कोणी वाचून सांगेपर्यंत देवासारखा सांभाळला होता. वकीलसाहेबांनी विलंब माफीचा अर्ज तयार केला आणि त्यात त्या १५ टक्क्यांच्या तरतुदीचा मुद्दाही घातला. त्या अर्जाची नकल मीच लिहिली आणि विलंब माफ झाला. मी ती तरतूद त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, आणि तोवर कोर्टाच्या आवारात मला सोळा वर्षे झाली होती, हे सांगायला मला आजही वाईट वाटते. कानडी भाषेविषयी माझ्या मनात अढी नाही. आमच्या शेजारची कानडी कुटुंबे आमच्या सुखदुःखाची सोबती आहेत, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात राहणाऱ्या कानडी माणसाच्या हातीही त्याला न कळणारा कागद पडू नये, असेच मी म्हणेन.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत लुईस गामा यांच्या चरित्रावर काही आठवडे लेखमाला द्यावी. सुगी आटोपली की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आमच्या गावांत साहित्य संमेलनांचे दिवस येतात. पहाटेपासून सडा-रांगोळी होते, ग्रंथदिंडीत शाळेची मुले लेझीम खेळतात, गावजेवणाच्या पंगती उठतात आणि दुपारी मांडवात माणूस मावत नाही. या मांडवांत सीमालढ्याच्या कविता आम्ही दरवर्षी ऐकतो आणि ऐकत राहू. त्यांतल्या एखाद्या संमेलनात एक सत्र गामा यांच्यासाठी ठेवले आणि त्याच मांडवाच्या कोपऱ्यात टेबल टाकून कायदा जाणणाऱ्या दोन तरुण वकिलांनी गावकऱ्यांना त्यांच्या जवळचे कागद वाचून दाखवले, तर त्या कवीला ते शोभेल.

दुसरी विनंती भाषांतराची आहे. गामा यांची कविता इंग्रजीच्या वळणाने नको, थेट पोर्तुगीजमधून मराठीत यावी. हे काम आपल्याइतके सोपे दुसऱ्या कोणाला नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथे पोर्तुगीज उत्तम जाणणारी व घरात कोकणी-मराठी बोलणारी माणसे आजही आहेत. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांतला काजू आणि अननस पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथे आला, नावासकट मराठीत रुजला आणि खानापूर-चंदगडच्या डोंगरांवर काजूच्या बागा उभ्या राहिल्या. तिथला एक कवी यायला मात्र अजून वाट पाहावी लागते आहे. पुतणीच्या मदतीने मी त्या ‘बोकडां’च्या कवितेच्या पहिल्या चाळीस ओळींचा कच्चा मराठी अर्थ लिहून काढला आहे. त्याला कविता म्हणता येणार नाही, पण ज्यांना वृत्त आणि यमक साधते त्यांच्या कामी तो येईल. ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी ती वही मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवत आहे. तिची नकल काढून घ्यावी; मूळ वही मात्र परत मिळावी, कारण पुढच्या ओळींचे काम अजून चालू आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वकिली कारकून
वडगाव, बेळगाव